‘ध’चा ‘मा’ आणि बाकीचे सगळे

गणपतीच्या दिवसांत शनिवारवाड्याची आठवण निघते ती एका हाकेने : ‘काका, मला वाचवा!’ ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपदातल्या याच दिवसांत, थकलेल्या पगारासाठी ओरडत वाड्यात शिरलेल्या गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. पुढची गोष्ट आपण घरोघरी ऐकत आलो : आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले. त्याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. पण ती कथा आपल्याला सोयीची पडली. सगळे पाप एका अक्षरात आणि एका बाईच्या माथी मावले.

खुनानंतर जे घडले, त्याची चर्चा आपण फारशी करत नाही. संशय चुलते रघुनाथराव यांच्यावर होता, तरी पेशवाईची वस्त्रे त्यांनाच मिळाली. सखारामबापू बोकील, नाना फडणीस यांच्यासारखे मुत्सद्दीही आरंभी त्यांच्याच कारभारात राहिले. पेच खोटा नव्हता. निजाम आणि हैदर टपलेले होते, घराण्यात दुसरा कर्ता पुरुष नव्हता. राज्य आधी सांभाळायचे की न्याय आधी करायचा? न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. बाकीच्यांनी वाट पाहिली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांच्या होणाऱ्या अपत्याच्या नावाने बारभाई उभे राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, तेव्हा पक्षाला बळ आले.

आपण ज्यांच्या आश्रयाने इकडे आलो, त्या घराण्यांचेही काही वेगळे नव्हते. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर काही काळ तळ्यात-मळ्यात राहिले. बडोद्यात गोविंदराव आणि फत्तेसिंगराव या गायकवाड बंधूंच्या वारसाहक्काच्या भांडणात खुनाचा प्रश्न बुडून गेला.

या चालढकलीचा फायदा इंग्रजांनी घेतला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबांनी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. सात वर्षे युद्ध चालले. वडगावला आपण इंग्रजांना नमवलेही. पण १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला, तेव्हा साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि राघोबांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. गारद्यांपैकी काहींना देहदंड झाला; ज्यांना रामशास्त्रींनी दोषी म्हटले होते, त्यांना पेन्शन मिळाली. वीस वर्षांनी, १८०२ मध्ये, त्यांच्याच चिरंजीवांनी, दुसऱ्या बाजीरावांनी, वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली.

राज्य केवळ या एका खुनाने बुडाले, असे आम्ही म्हणत नाही. पण सगळ्यांना ठाऊक असलेला गुन्हा सगळ्यांनी मिळून सांभाळून घेतला, ही जबाबदारी एका आनंदीबाईंवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. यंदा आरतीनंतर मुलांना ही गोष्ट सांगताना ‘ध’चा ‘मा’ जरूर सांगू या. त्याबरोबर दरबारात कोण कोण गप्प बसले होते, तेही सांगू या.