कॅनिंग स्टॉक रूट

कॅनिंग स्टॉक रूट हा ऑस्ट्रेलियातील पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या वाळवंटातून जाणारा सुमारे १,८५० किलोमीटर लांबीचा कच्चा मार्ग आहे. किंबर्ली प्रदेशातील हॉल्स क्रीक हे त्याचे उत्तरेकडील टोक असून विलूना हे दक्षिणेकडील टोक आहे. गुरांचे कळप हाकत नेण्यासाठी १९०६ ते १९१० या काळात हा मार्ग आखून त्यावर ५१ विहिरी बांधण्यात आल्या. १९५९ नंतर गुरांसाठी त्याचा वापर थांबला. आज तो दोन-चार मोटारींच्या लहान गटांनी केल्या जाणाऱ्या दीर्घ वाळवंटी प्रवासासाठी प्रसिद्ध आहे. या मार्गाची आखणी पाण्याच्या जागांनी ठरली. त्या जागा तेथील आदिवासींना पूर्वापार ठाऊक होत्या आणि ते ज्ञान त्यांच्याकडून बळजबरीने मिळवले गेले. त्यामुळे या मार्गाचा इतिहास हा अभियांत्रिकीइतकाच अन्यायाचाही इतिहास मानला जातो.

नाव

हा मार्ग आखणारे सरकारी भूमापक आल्फ्रेड कॅनिंग (१८६०–१९३६) यांचे नाव त्याला देण्यात आले आहे. इंग्रजीतील ‘स्टॉक’ या शब्दाचा येथील अर्थ पाळीव गुरेढोरे असा आहे. यापूर्वी कॅनिंग यांनी सशांचा उपद्रव रोखण्यासाठी उभारलेल्या लांबलचक कुंपणाच्या मार्गाची पाहणी केली होती. पाणी नसलेल्या प्रदेशात काम करण्याचा त्यांचा तो अनुभव पाहूनच सरकारने त्यांच्याकडे ही कामगिरी सोपवली.

भूप्रदेश

हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना लिटल सँडी, गिब्सन आणि ग्रेट सँडी या वाळवंटांतून जातो. वाटेत वाळूच्या टेकड्यांच्या समांतर रांगा, खारी सरोवरे, खडकाळ डोंगररांगा आणि स्पिनिफेक्स या टोकदार पात्यांच्या गवताने व्यापलेली मैदाने लागतात. टेकड्यांच्या रांगा बहुतांश पूर्व-पश्चिम दिशेने पसरलेल्या असल्यामुळे त्यांना आडवे छेदत जाण्यावाचून गत्यंतर नसते. संपूर्ण मार्गावर अशा सुमारे ९०० टेकड्या ओलांडाव्या लागतात. त्यांपैकी काहींची उंची १५ मीटरपर्यंत आहे.

दक्षिण भागातील डर्बा हिल्स या डोंगराच्या पायथ्याशी असलेला पाणवठा आणि त्याभोवतीची झाडी प्रवाशांचे आवडते मुक्कामस्थान आहे. त्याच्या उत्तरेस कुंपुपिंटिल हे विस्तीर्ण खारे सरोवर आहे. १८९७ मध्ये फ्रँक हान हा शोधप्रवासी ओढ्यांच्या प्रवाहाचा माग काढत गोड्या पाण्याच्या आशेने येथे पोहोचला आणि पदरी निराशा आल्याने त्याने या सरोवराला ‘लेक डिसअपॉइंटमेंट’ असे नाव दिले. २०२० मध्ये त्याचे मार्तू लोकांच्या भाषेतील कुंपुपिंटिल हे नाव अधिकृत करण्यात आले. मार्गाच्या उत्तर टोकाजवळ पारुकू अथवा लेक ग्रेगरी हा जलाशय आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी विलूना व कालगूर्ली परिसरातील सोन्याच्या खाणींमुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात मांसाला मोठी मागणी होती. किंबर्लीच्या पूर्व भागात गुरे विपुल होती. मात्र त्यांना गोचिडींची लागण झाली असल्याने जहाजाने दक्षिणेकडे नेण्यावर निर्बंध होते. त्यामुळे बाजारपेठेवर पश्चिम किंबर्लीतील पशुपालकांचे वर्चस्व निर्माण झाले. गुरे वाळवंटातून चालवत नेली तर कोरड्या हवेत गोचिडी मरून जातील, असा प्रस्ताव १९०५ मध्ये पुढे आला आणि सरकारने या मार्गाची शक्यता तपासण्याचे ठरवले.

यापूर्वीचा अनुभव उत्साहवर्धक नव्हता. १८९६ मध्ये डेव्हिड कार्नेगी यांनी हा प्रदेश ओलांडून गुरांसाठी तो निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढला होता. त्याच सुमारास निघालेल्या कॅल्व्हर्ट मोहिमेतील चार्ल्स वेल्स आणि जॉर्ज जोन्स हे दोघे वाळवंटात मृत्युमुखी पडले होते.

सर्वेक्षण

कॅनिंग यांची तुकडी १९०६ मध्ये निघाली. तिच्यात आठ माणसे, २३ उंट आणि दोन घोडे होते. जानेवारी १९०७ मध्ये ही तुकडी हॉल्स क्रीक येथे पोहोचली आणि त्याच वर्षी आलेल्या वाटेने परतली.

या प्रदेशात वाहत्या नद्या नाहीत. पाणी असते ते खडकातील टाक्यांत, वाळूखालच्या झिऱ्यांत आणि पावसानंतर भरणाऱ्या खोलगट भागांत. यांपैकी अनेक जागा वरून दिसतही नाहीत. त्या शोधण्यासाठी कॅनिंग यांच्या तुकडीने आदिवासी स्त्री-पुरुषांना पकडून साखळदंडाने बांधले आणि पाणी दाखवण्यास भाग पाडले. कार्नेगी यांनीही हीच पद्धत वापरली होती.

एप्रिल १९०७ मध्ये परतीच्या वाटेवर, पुढे जेथे ४० क्रमांकाची विहीर झाली त्या नातावालू येथे, तुकडीतील मायकेल टोबिन आणि मुंकुटुटू नावाचा आदिवासी यांच्यात चकमक झाली. टोबिनने गोळी झाडली, तर मुंकुटुटूने भाला फेकला. त्यात दोघेही मरण पावले. टोबिनच्या कबरीवर संगमरवरी शिला उभारण्यात आली.

चौकशी आयोग

तुकडी परतल्यानंतर तिचा स्वयंपाकी एडवर्ड ब्लेक याने आदिवासींना दिलेल्या वागणुकीविषयी जाहीर तक्रार केली. तिची दखल घेऊन १९०८ च्या प्रारंभी सरकारने शाही चौकशी आयोग नेमला. साखळदंडांचा वापर कॅनिंग यांनी आयोगापुढे नाकारला नाही. त्यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की वाळवंटात जीव वाचवण्यासाठी हे अटळ होते आणि इतर शोधप्रवाशांनीही तेच केले होते. आयोगाने त्यांना दोषमुक्त ठरवले. ज्यांना बांधून नेले होते, त्यांची बाजू मांडण्यासाठी एकाही वाळवंटी आदिवासीची साक्ष झाली नाही.

विहिरींचे बांधकाम

मार्च १९०८ मध्ये कॅनिंग ३१ माणसे, ७० उंट, चार गाड्या, दूध व मांसासाठी २६७ शेळ्या आणि सुमारे १०० टन सामान घेऊन पुन्हा निघाले. मार्च १९१० पर्यंत ५१ विहिरींचे काम पूर्ण झाले. गुरांचा कळप साधारण एका दिवसात जेवढे अंतर चालेल, तेवढ्या टप्प्यावर पुढचे पाणी यावे असा हिशेब होता. विहिरींना दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमांक देण्यात आले.

विहिरींच्या आतील बाजू लाकडाने बांधून घेतल्या होत्या. वर रहाट, बादल्या आणि गुरांना पाणी पाजण्यासाठी लांब डोण्या होत्या. मोठ्या कळपासाठी पाणी उपसताना खांबावरील कप्पीतून दोर घेऊन तो जनावराकडून ओढून घेत. तत्त्वतः ही रीत महाराष्ट्रातील मोटेसारखीच होती.

बहुतेक विहिरी आदिवासींच्या जुन्या पाणवठ्यांवर किंवा त्यांच्या लगत खोदण्यात आल्या. पूर्वी हाताने वाळू उपसून पिता येणारे पाणी आता खोल विहिरीच्या तळाशी गेले आणि ते काढण्यासाठी जड रहाट फिरवणे भाग पडले. त्यात अनेकांना इजा झाल्या. अनेक पाणवठे पूर्वजांच्या कथा आणि विधी यांच्याशी जोडलेले असल्यामुळे ही हानी केवळ पाण्यापुरती नव्हती. पुढे आदिवासींनी कित्येक विहिरींची यंत्रणा मोडून अथवा जाळून टाकली.

गुरांची वाहतूक

१९११ च्या प्रारंभी जेम्स थॉमसन व जॉर्ज शूस्मिथ हे सुमारे १५० बैलांचा कळप घेऊन दक्षिणेकडे निघाले. ३७ क्रमांकाच्या विहिरीजवळ ते दोघे आणि त्यांचा एक आदिवासी सहकारी मारले गेले. मागून आलेल्या टॉम कोल यांच्या तुकडीला त्यांचे मृतदेह आढळले. त्यानंतर सार्जंट पिल्मर यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या पोलीस पथकाने किमान दहा आदिवासींना ठार केले.

या घटनांनंतर मार्ग जवळजवळ ओस पडला. १९३१ पर्यंत केवळ आठ कळप त्यावरून गेले. १९२९ मध्ये विल्यम स्नेल यांच्याकडे विहिरींच्या दुरुस्तीचे काम देण्यात आले. आदिवासींना आत उतरून पाणी घेता यावे म्हणून त्यांनी काही विहिरींना शिड्या बसवल्या. उरलेले काम सत्तरी गाठलेल्या कॅनिंग यांनी १९३१ मध्ये पूर्ण केले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर ऑस्ट्रेलियावर आक्रमण झाल्यास स्थलांतरासाठी उपयोग व्हावा म्हणून १९४२ मध्ये मार्गाची पुन्हा डागडुजी झाली. शेवटचा कळप १९५९ मध्ये गेला. ज्या अपेक्षेने मार्ग बांधला गेला ती व्यापारी दृष्ट्या कधीच पूर्ण झाली नाही.

वाळवंटातील लोक

या मार्गाच्या परिसरात मार्तू, वालमजारी आदी अनेक भाषिक समूहांची वस्ती होती. कळपांबरोबर काम करणाऱ्या गुराख्यांत आदिवासी स्त्री-पुरुषांचा मोठा वाटा होता. मार्गाने येणारे अन्न, तंबाखू आणि नवे जग यांच्या ओढीने अनेक कुटुंबे वाळवंट सोडून गुरांच्या केंद्रांकडे व मिशनच्या वस्त्यांकडे गेली. १९६४ मध्ये ‘ब्लू स्ट्रीक’ अग्निबाणाच्या चाचणीपूर्वी पर्सिव्हल लेक्स परिसर निर्मनुष्य करण्यासाठी गेलेल्या अधिकाऱ्यांना तेथे पूर्वी बाहेरच्या जगाशी संपर्क न आलेला मार्तू स्त्रिया व मुलांचा गट आढळला. १९७७ मध्ये दुष्काळात एकटेच राहिलेले वारी आणि यातुंगका हे वृद्ध दांपत्य वाळवंटातून विलूना येथे आणण्यात आले.

मोटारप्रवास

१९६८ मध्ये रसेल वेनहोल्झ, डेव्हिड चडली आणि नोएल कीली या भूमापकांनी मोटारीने संपूर्ण मार्ग प्रथम पार केला. त्यानंतर फोर-व्हील ड्राइव्ह वाहने सामान्य लोकांच्या आवाक्यात आली, तशी प्रवाशांची संख्या वाढली. संपूर्ण प्रवासाला साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात.

प्रवासाचा योग्य काळ मे ते सप्टेंबर, म्हणजे दक्षिण गोलार्धातील हिवाळा हा आहे. या दिवसांत दुपार सुखद असते, पण रात्री तापमान शून्याच्या आसपास उतरू शकते. उन्हाळ्यात ते ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या काळात वाहन बंद पडल्यास प्राणावर बेतते.

एकट्या वाहनाने हा प्रवास करू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. दोन ते पाच वाहनांचा गट सोयीचा ठरतो. एखादे वाहन वाळूत रुतले तर दुसरे ते ओढून काढते आणि एखादे कायमचे निकामी झाले तर त्यातील माणसांना सामावून घेता येते. गट फार मोठा असल्यास मात्र मुक्कामाच्या जागा, पाणी आणि वाळूची वाट या सर्वांवर ताण पडतो. दुर्गम भागातून वाहन बाहेर काढण्याचा खर्च अतिशय मोठा असतो. भ्रमणध्वनीची सेवा मार्गावर जवळजवळ नसल्यामुळे उपग्रह दूरध्वनी, गटांतर्गत संभाषणासाठी रेडिओ आणि आणीबाणीचा संकेत देणारे उपकरण सोबत ठेवले जाते.

वाळूच्या टेकड्या चढण्यासाठी टायरमधील हवा बरीच कमी केली जाते. त्यामुळे टायर पसरून वाळूवर पकड मिळते आणि वाटही कमी उखडते. माथ्यापलीकडून येणारे वाहन दिसत नसल्याने प्रत्येक वाहनाला उंच काठीवर भडक रंगाचा ध्वज लावतात. पन्हाळीसारख्या सलग लाटा पडलेल्या भागांत हादऱ्यांमुळे धक्काशोषक व टपावरील सामानाचे सांगाडे मोडतात. स्पिनिफेक्सच्या काड्या गाडीखाली साचून तापलेल्या धूरनळीजवळ पेट घेतात. म्हणून दिवसातून अनेकदा गाडीचा तळ तपासून साफ करावा लागतो.

इंधनाची मुख्य सोय ३३ क्रमांकाच्या विहिरीजवळील कुनावारिट्जी या आदिवासी वस्तीत आणि उत्तर टोकाकडील बिलिलूना येथे आहे. वाळूत इंधन नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक लागते. त्यामुळे विलूनाहून निघणाऱ्यांना पहिल्या टप्प्यासाठी मोठा साठा बरोबर घ्यावा लागतो.

पाण्याबाबत विहिरींवर विसंबून राहता येत नाही. अनेक विहिरी ढासळल्या असून काही कोरड्या, तर काही दूषित आहेत. काहींची स्वयंसेवकांनी दुरुस्ती केली आहे. २६ क्रमांकाची विहीर १९८३ मध्ये मूळ स्वरूपात पुन्हा बांधण्यात आली. तथापि विहिरीचे पाणी उकळून अथवा शुद्ध करूनच पिणे आणि पिण्याचा पुरेसा साठा स्वतःजवळ बाळगणे आवश्यक असते.

भूमिहक्क आणि परवानगी

या प्रदेशावरील आदिवासींच्या पारंपरिक हक्कांना न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने मान्यता दिली: त्जुराबालान (२००१), मार्तू (२००२), न्गुरारा (२००७) आणि बिरिलिबुरू (२००८). त्यामुळे आता मार्गावरून जाण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. मुख्य वाट सोडून इतरत्र जाणे, विशेषतः किलागुरा घळीसारख्या पवित्र स्थळी प्रवेश करणे, यासाठी संबंधित समाजाची स्वतंत्र अनुमती लागते. पूर, वाटेची हानी किंवा सांस्कृतिक कारणांमुळे काही भाग बंद ठेवले जातात. त्यामुळे निघण्यापूर्वी मार्गाची स्थिती आणि परवान्याचे नियम पाहणे गरजेचे असते. शतकापूर्वी ज्यांना साखळीने बांधून पाणी विचारले गेले, त्यांच्याच वंशजांची संमती आज प्रवाशाला मागावी लागते.

कला आणि संस्कृती

विख्यात आदिवासी चित्रकार रोव्हर थॉमस यांचा जन्म कुनावारिट्जी परिसरात झाला होता. १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व केले. न्गुरारा लोकांनी १९९७ मध्ये सुमारे ८ × १० मीटरचे एक भव्य सामूहिक चित्र रंगवले. त्यात आपापल्या पाणवठ्यांच्या जागा दाखवून त्यांनी ते भूमिहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून मांडले.

२०१० मध्ये कॅनबेरा येथील नॅशनल म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलिया या संग्रहालयात ‘यिवारा कुजू’ हे प्रदर्शन भरले. मान्यिल्यिजारा भाषेतील या नावाचा अर्थ ‘एक वाट’ असा होतो. मार्गाचा इतिहास आदिवासी कलावंतांची चित्रे आणि त्यांच्या मौखिक आठवणी यांतून मांडणारे हे प्रदर्शन होते. नकाशावर क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या विहिरी या चित्रांत त्यांच्या मूळ नावांनी येतात.