आर्णीचे शाळासोबती आणि सेवानिवृत्तीचा इतिहास



वार्षिक स्मरणिकेत एक मजकूर नेमाने येत असतो. अमुक बंधू अमुक पदावरून सेवानिवृत्त झाले, ज्येष्ठ चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत, कन्येचा विवाह झाला, नातवंडे परदेशी शिकतात. ओळखीचे नाव दिसले की वाचक क्षणभर थबकतो आणि पान उलटतो. या चार ओळींमागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, याचे भान सहसा राहत नाही. आर्णीच्या शाळेत एका ओळीत बसून पाढे म्हटलेली आम्ही मुले आज पंच्याहत्तरीच्या घरात आहोत. आमच्यापुरता तरी तो इतिहास एकदा पाहावा, या हेतूने हा लेख.

‘निवृत्ती’ हा शब्द आपल्या भाषेत जुना असला, तरी त्याचा आजचा अर्थ नवा आहे. संतांच्या बोलण्यात निवृत्ती म्हणजे विषयांपासून मन मागे घेणे. ठराविक वयाला काम थांबावे आणि पुढे घरबसल्या दरमहा रक्कम यावी, ही कल्पना वऱ्हाडच्या जुन्या गावगाड्यात नव्हती. पाटील-पांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत प्रत्येकाचे काम वंशपरंपरेने चाले. हात थकले की मुलगा शेजारी उभा राही. कोणत्या दिवशी बापाचे काम संपले, हे कोणालाच सांगता येत नसे.

इ. स. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले आणि १९०३ नंतर ते मध्यप्रांतास जोडले गेले. कचेरी, टपाल, जंगलखाते आणि शाळा यांना लिहिता-वाचता येणारी माणसे हवी होती. त्या नोकरीबरोबर पेन्शन आली. तिच्यासंबंधीचा कायदा १८७१ सालचा. वतन जमिनीला आणि गावाला बांधलेले असे. पेन्शन मात्र माणसाच्या मागोमाग कोठेही जाई. गाव सोडण्याचे धैर्य अनेक कुटुंबांस येथूनच मिळाले.

आर्णी हे अरुणावतीकाठचे गाव, बाबा कंबलपोश यांच्या उरुसामुळे दूरवर परिचित. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळांवरून धावणारी ‘शकुंतला’ दारव्ह्यावरून जाई. आर्णी तिच्या मार्गावर नव्हते. तरीही शिकलेला मुलगा बाहेर पडलाच. आमच्या पिढीची एक गंमत अशी की, बाक न सोडता आम्ही तीन राज्ये पाहिली. १९५६ पूर्वी पहिलीत बसलेला मुलगा मध्यप्रदेशात होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेने तो मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक अशा जागा मोठ्या संख्येने निघाल्या. जुनी अकरावी मॅट्रिक झालेले कित्येकजण त्या जागांवर लागले. ती अकरावीही पुढे १९७५ च्या सुमारास इतिहासजमा झाली. आमच्यापैकी बहुतेक नोकरदार या शतकाच्या आरंभी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त झाले.

पेन्शन ही सरकारची कृपा नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दिला. तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. परंतु १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत नव्याने येणाऱ्यांना जुनी पेन्शन मिळेनाशी झाली आणि तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. आमचे निवृत्तिवेतन आणि आमच्या मुलांची चिंता यांमध्ये ही तारीख उभी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही शाळासोबती एकत्र जमलो होतो. प्रत्येकाने उठून पद, निवृत्तीचे वर्ष आणि मुलांची हकीकत सांगावी असे ठरले. एक सोबती मागे बसून होता. चौथीपर्यंत गणितात तो आम्हा सर्वांच्या पुढे असे. वडील वारल्यावर शाळा सुटली आणि वावर हाती आले. त्याची पाळी आली तेव्हा तो एवढेच म्हणाला, “आमाले कोन रिटायर करनार, बाप्पा? औंदाही कपाशीच पेरली.” सगळे हसले, तोही हसला. नंतर मात्र कोणी आपले पद सांगितले नाही.

त्या सभेस आमच्या वर्गातील एकही भगिनी नव्हती. वर्गात मुली होत्या. पण लग्नानंतर नाव बदलले, गाव बदलले आणि त्यांचा पत्ता कोणापाशी राहिला नाही. १९६४ साली केंद्र सरकारने कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू केले. अशा योजनांमुळे पुष्कळ स्त्रियांची नावे प्रथमच सरकारी कागदावर लागली, पण ती कोणाची तरी विधवा म्हणून. शाळेच्या दाखलखारिज पुस्तकात मात्र तीच स्त्री स्वतःच्या नावाने नोंदलेली असते.

गावाबाहेर गेलेल्याने गावाशी नाते कसे ठेवावे, याचा एक वस्तुपाठ महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात आहे. मुंबईत असताना त्यांनी आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ काढला. १९१४ साली ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ उभारले. निवृत्तीनंतर त्यांची दृष्टी पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळली.

आपणां सर्वांस कर्वे होणे शक्य नाही. परंतु एक लहान काम आपल्या हातचे आहे. पुढील स्मरणिकेसाठी वृत्त पाठविताना प्रत्येक कुटुंबाने पदापूर्वी शाळा, इयत्ता आणि वर्ष लिहावे. ज्यांनी नोकरी केली नाही त्यांचेही लिहावे. आणि घरातील आजी, आत्या, मावशी यांना त्यांच्या माहेरच्या नावासह विचारून लिहावे. पेन्शनच्या यादीत आपण थोडे आहोत, हजेरीच्या यादीत सगळे आहोत. ती हजेरी घेणारे गुरुजी आता हयात नाहीत. ‘हजर’ म्हणणारे अजून काही आहेत, तोवर ती पुरी करून ठेवावी, एवढीच नम्र विनंती.