तालमीच्या दारातून आत

मागच्या महिन्यात एका गावच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते झाले आणि कर्जमागणी सुरू झाली. एकीला शेळी घ्यायची होती, दुसरीला शिलाई मशीन. तिसरी म्हणाली, "सहा हजार पाहिजेत. पोरगी कुस्ती खेळतीया, तिच्या खुराकाला." क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "पोरीच्या खुराकाला कर्ज? तालीम ही काय बायकांची जागा हाय व्हय?"

घरी येतानाही तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. म्हणून आज तालमीची गोष्ट.

आपल्या कोल्हापुरात पेठेगणिक तालीम. तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. पेठेचा गणपती तिथं बसतो, वर्गणी तिथं ठरते, भांडणं तिथं मिटतात. बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही बसतो, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं तर आज पोरांना फुटबॉलमुळंच जास्त माहीत. शाहू स्टेडियमवर या संघांची मॅच असली की अख्खी पेठ तिकडं लोटते. आमच्या घरात तर त्या दिवशी भाजीत मीठ आहे की नाही हेही कुणाला कळत नाही.

कुस्तीला मोठं केलं ते शाहू महाराजांनी. 1902 साली ते विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोममधलं जुनं गोल क्रीडागृह त्यांनी पाहिलं. तसंच मैदान आपल्याकडं असावं असं त्यांच्या मनानं घेतलं आणि 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधे मातीचा आखाडा, भोवती चढत गेलेली बसायची जागा. त्यामुळं मागं बसलेल्या शेतकऱ्यालाही पुढच्या सरदाराइतकीच कुस्ती दिसावी. महाराजांनी उत्तरेकडच्या मल्लांनाही आश्रय दिला, आणि खेड्यापाड्यातली पोरं गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत राहायला येऊ लागली.

त्या पोरांचा दिवस पहाटे अंधारात सुरू व्हायचा. आधी मारुतीला नमस्कार, मग जोर-बैठका, मग हौद्यात उतरायचं. हौद्यातली तांबडी मातीसुद्धा जोपासावी लागते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात, ती उकरून मऊ करतात. ताक म्हटलं की मला थांबावंसं वाटतं. ते ताक कुणी घुसळलं? पैलवानाच्या दुधाच्या म्हशीची वैरण कुणी कापली? पोरगा तालमीत राहिला की घरचं तूप डब्यात भरून शहराकडं जायचं आणि घरातली धाकटी पोर कोरडी भाकरी खायची. बदाम, दूध, तूप हा खर्च आजही शेतकऱ्याच्या घराला पेलत नाही. जत्रेच्या कुस्त्यांना घरटी पट्टी निघते, ती कुठल्या डब्यातून निघते हे तुम्हाला मी सांगायला नको. तालमीच्या इतिहासात वस्तादांची नावं आहेत, मल्लांची आहेत. या आयांची नाहीत.

पैलवान कर्जावर उभा राहतो हे काही नवीन नाही. खाशाबा जाधवांचंच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला आपल्या राजाराम कॉलेजात. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारतातल्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवून दिलं. म्हणजे परतफेडही झाली, मैत्रिणींनो, अगदी आपल्या वहीत होते तशी.

आता बायकांचं. त्याच काळात उत्तरेकडची हमीदा बानू नावाची बाई पुरुष मल्लांना आव्हान देत हिंडत होती. 1954 साली बडोद्यात तिनं बाबा पहेलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केलं. पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती मात्र कुस्ती संघटनेनं होऊ दिली नाही. म्हणजे बाई लढू शकते का, हा प्रश्न तेव्हाच सुटला होता. अडत होतं ते दारात.

ते दार उघडायला फार वर्षं गेली. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली 2004 साली. आपल्याकडं पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 पासून चालू आहे. महिलांची पहिली झाली 2023 साली, सांगलीत, आणि गदा जिंकली ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं. मधे बासष्ट वर्षं. तेवढ्यात एका बाईची सून येते, नात येते, नातीचं लग्नही होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरी मात्र त्या गदेसाठी थांबल्या नव्हत्या. मुरगूडच्या स्वाती शिंदे आणि नंदिनी साळोखे, वडणगेच्या रेश्मा माने परदेशात मॅटवर खेळून आल्या होत्या. मॅटवर हा शब्द मुद्दाम सांगते. मातीचा हौदा, त्यातला मारुती, लंगोट, ब्रह्मचर्य या सगळ्यांनी पोरींना लांब ठेवलं. मॅटला तसं काही सोवळं नव्हतं. जुन्या वस्तादांना मॅट आवडत नाही, कुस्तीची मजा मातीतच असं ते म्हणतात. असेल. पण पोरींना आधी जागा मिळाली ती बऱ्याचदा त्या मॅटवर.

बैठकीत हे सगळं मला इतकं नीट सांगता आलं नव्हतं. मी खाशाबांचं आणि खर्डेकर सरांचं तेवढं सांगितलं. मग त्या आजींनीच विचारलं, "आमच्या थोरल्याला मी रोज दूध पाजलं, जत्रंत नारळावरची एक कुस्ती मारली त्यानं. माझं कुणी नाव घेतलं का?" सगळ्या हसल्या, आजीपण हसल्या. त्यांनी हरकत मागं घेतली असं नाही, पण "पोरगी परतफेड करंल न्हवं?" एवढंच विचारलं. आई म्हणाली, "म्हैस माझी हाय, हप्ता मी भरंन."

कर्ज मंजूर झालं. वहीत कर्जाचं कारण लिहायच्या रकान्याशी सचिव अडली. आमच्या गटाच्या वहीत आजवर शेती, दवाखाना, लग्न, शाळा अशीच कारणं होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आजींकडं बघितलं, आणि लिहिलं, "खुराक. मुलगी."