घोरणे, वजन आणि अडलेला श्वास

झोपेत घशाचा मार्ग वारंवार बंद पडून श्वास थांबण्याच्या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. जागेपणी घशाभोवतीचे स्नायू हा मार्ग ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैलावतात आणि जीभ मागे सरते. मार्ग अरुंद झाला की हवा घरघरत जाते, ते घोरणे. मार्ग पुरता मिटला तर श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि मोठ्या आवाजासह श्वास सुटतो. श्वास थांबण्याचे किंवा खालावण्याचे असे प्रसंग तासाला किती येतात, त्यावरून विकाराची तीव्रता ठरते. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. वजन उतरवा म्हणजे बरे वाटेल, हा या विकारावरचा सर्वांत जुना सल्ला. तो कितपत पुरा पडतो हे वैद्यकाला टप्प्याटप्प्याने कळत गेले. सोलापूरसारख्या ठिकाणी तो पोचला तेव्हा तिथल्या लोकांच्या मनात वजनाचा अर्थ आधीच ठरलेला होता, आणि तो या सल्ल्याच्या नेमका उलटा होता.

लठ्ठपणा आणि झोप यांची सांगड भारतीय वैद्यकात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाची लक्षणे सांगताना थोड्या श्रमाने लागणारी धाप, अतिझोप, घाम आणि तहान यांच्याबरोबर ‘क्रथन’ हा शब्द येतो. झोपेतली घरघर किंवा एकाएकी अडणारा श्वास असा त्याचा अर्थ लावला जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय अतिस्थूल, अतिकृश आणि निद्रा हे तिन्ही विषय एकत्र घेतो. स्थूलता आणि कृशता यांत कृशता बरी, असा त्याचा कौल आहे. उपचारांत व्यायाम, जव, मध यांच्याबरोबर जागरणही सांगितले आहे. यातल्या जागरणाच्या बाबतीत आजचे संशोधन उलट दिशेला जाते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि वजन वाढायला मदत होते.

कृशता बरी हा कौल सोलापूरच्या माणदेशी-बालाघाटी पट्ट्यात व्यवहारात उतरणे अवघड होते. हा पर्जन्यछायेतला प्रदेश. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातले जे जिल्हे सर्वाधिक होरपळले त्यांत सोलापूर होता. त्याच दशकात शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. ती पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी शहराचे उठणे-झोपणे भोंग्याला बांधले. खाणे ज्वारीचे. जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण रब्बी ज्वारीत आजही प्रमाण मानला जातो. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे कामावर बांधून न्यायचे, टिकाऊ अन्न. पुढे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली. अशा भूमीत वजन वाढणे ही आनंदाची गोष्ट होती. बाळाने बाळसे धरावे, सुनेने अंग धरावे आणि कर्त्या पुरुषाने खाऊनपिऊन सुखी दिसावे, अशी भाषा त्यातून घडली.

घोरण्याचेही तसेच. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की माणसे गच्चीवर, अंगणात अंथरूण टाकत, आणि कोण किती घोरतो हे आळीला माहीत असे. ‘ढाराढूर झोपणे’ म्हणजे निश्चिंत झोपणे, आणि घोरणाऱ्याची थट्टा कुंभकर्णाच्या नावाने होई. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले गेल्याने ते घेऊन वैद्याकडे जावे असे कोणाला वाटले नाही. प्रत्यक्षात तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाचा माणूस रात्रभरात शेकडो वेळा जागा होतो. सकाळी त्याला त्यातले काही आठवत नाही, फक्त दिवसभर पेंग येत राहते.

आधुनिक वैद्यकातही सुरुवात लठ्ठपणापासून झाली. १९५६ मध्ये सिडनी बरवेल आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल व्यावसायिकाची हकिगत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने आलेली असतानाही हा गृहस्थ झोपी गेला आणि तेव्हा कुठे तो रुग्णालयात दाखल झाला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या सदा पेंगणाऱ्या लठ्ठ पोराच्या आठवणीने या अवस्थेला ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव मिळाले. दिवसाला ८०० कॅलरींच्या आहाराने रुग्णाचे वजन उतरले आणि पेंगही गेली. उपचार सापडला असे वाटण्यासारखीच ती घटना होती. मात्र पेंगेचे कारण तेव्हा फुप्फुसांच्या मंदावलेल्या कामात आणि रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले गेले. रुग्ण झोपेत असताना घशात काय घडते, हे कोणी पाहिले नव्हते.

ते १९६५ मध्ये पाहिले गेले. फ्रान्समध्ये गास्तो आणि सहकाऱ्यांनी, जर्मनीत युंग आणि कूलो यांनी अशा रुग्णांची रात्रभराची झोप यंत्रांवर नोंदवली, तेव्हा श्वास पुन्हा पुन्हा थांबत असल्याचे दिसले. १९६९ मध्ये कूलो यांच्या गटाने गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि पेंग नाहीशी झाली. वजन होते तेवढेच राहिले, तरी विकार गेला. दोष घशाच्या मार्गात आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळाला नसता. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्तियाँ गिल्मिनो यांनी विकाराला आजचे नाव आणि व्याख्या दिली, आणि अंगाने बारीक असलेल्यांतही तो असल्याचे दाखवले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र पाच रुग्णांवर वापरले. हेच सीपॅप, रुग्णांच्या बोलण्यातले ‘मास्कचे मशीन’. ते पहिल्याच रात्री काम करते, पण ज्या रात्री लावले नाही त्या रात्री विकार जसाच्या तसा परततो.

यंत्र आल्यावर वजनाचा प्रश्न मागे पडला नाही, उलट तो मोजता येऊ लागला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या पाहणीत १९९३ साली मध्यमवयीन पुरुषांपैकी २४ आणि स्त्रियांपैकी ९ टक्क्यांमध्ये झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण तासाला पाच किंवा अधिक आढळले. त्याच गटाच्या पाठपुराव्यातून २००० मध्ये निघालेला हिशेब असा, की वजन १० टक्के वाढले तर हे प्रसंग सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात आणि १० टक्के घटले तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात. यामागची शरीररचना सरळ आहे. मानेभोवतीची आणि जिभेतली चरबी घशाची पोकळी दाबते. पोटावरची चरबी झोपल्यावर फुप्फुसांना वर ढकलते आणि श्वासनलिकेचा ताण सैल करते. वजन उतरले की हे ओझे हलके होते. आखूड जबडा, मागे झुकलेली हनुवटी, वाढलेले टॉन्सिल, बंद नाक आणि वय यांवर मात्र आहाराचा परिणाम होत नाही.

२००९ हे वर्ष या प्रश्नाच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. फिनलंडमधील प्रयोगात सौम्य विकार असलेल्यांनी सरासरी दहा किलोंहून अधिक वजन उतरवले आणि त्यांपैकी ६३ टक्के बरे झाले. नुसता सल्ला मिळालेल्या गटातही ३५ टक्के बरे झाले होते. स्वीडनमध्ये मध्यम ते तीव्र विकार असलेल्या लठ्ठ पुरुषांना नऊ आठवडे अत्यल्प कॅलरींचा आहार देण्यात आला. तासाला ३७ असलेले प्रसंग १२ वर आले, पण विकार पूर्ण गेला तो १७ टक्के पुरुषांचाच. मधुमेहींवरच्या अमेरिकन प्रयोगात वर्षभरात सुमारे ११ किलो उतरवूनही पूर्ण मुक्ती १३.६ टक्क्यांनाच लाभली. पोटाच्या शस्त्रक्रियेने वजन सर्वांत जास्त उतरते. पण अशा अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत शस्त्रक्रियेपूर्वी तासाला सुमारे ५५ असलेले प्रसंग नंतर सुमारे १६ वर येऊन थांबले. सोळा म्हणजे अजूनही मध्यम विकारच. वजनाचा फायदा विकाराच्या सौम्य टोकाला सर्वाधिक दिसतो आणि तीव्र टोकाला अपुरा पडतो, हे या सर्व आकड्यांतून निघाले.

महाराष्ट्रात विकाराचे मोजमाप मुंबईत सुरू झाले. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत १९.५ टक्क्यांना झोपेत श्वास अडण्याचा विकार होता आणि दिवसाच्या पेंगेसह तो ७.५ टक्क्यांत होता. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातून याज्ञिक यांनी मांडलेली ‘हडकुळे तरी चरबीयुक्त’ ही भारतीय शरीराची कल्पना इथे एका नजरेत दिसली. उपासमारीच्या पिढ्यांनंतर आलेले वजन पोटावर आणि अंतर्भागात साठते, तेव्हा काट्यावरचा आकडा साधारण दिसत असूनही धोका असू शकतो. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये लठ्ठपणाची सीमा ३० ऐवजी २५ बॉडी मास इंडेक्सवर आणि पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटरवर आणली.

सोलापुरात अशा वजनवाढीची पार्श्वभूमी तयार झाली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग व घरबसल्या विड्या वळणे ही शहराची मोठी कामे उरली. पुणे-हैदराबाद, धुळे-सोलापूर आणि विजयपूरचे रस्ते इथे एकत्र येतात, त्यामुळे रात्रभर गाडी चालवणाऱ्यांचीही इथे वर्दळ असते. त्यांच्यासाठी दिवसाची पेंग हा जिवाचा प्रश्न आहे. १९६३ पासून शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी घोरण्यासाठी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराच्या झोपेची यंत्रांवर नोंद, करून घ्यावी ही कल्पना राज्यात सर्वत्रच उशिरा रुजली. मशीन महाग, रोज रात्री तोंडावर मास्क, आणि भारनियमनाच्या वर्षांत विजेचाही भरवसा नाही. त्यामुळे वजन उतरवणे हाच परवडणारा मार्ग वाटला. जवळच्या लातूरमधून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर उभी केलेली दोन वेळा जेवण्याची चळवळ मराठी घरांत पसरली आणि वजन कमी करणे प्रथमच घरगुती चर्चेचा विषय झाले. ज्वारीची भाकरीही ताटात मानाने परतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले तेव्हा कारणांमध्ये स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव आले आणि हा शब्द मराठी वृत्तपत्रांत ठळकपणे छापला गेला.

अलीकडचा टप्पा औषधांचा. २०२४ मध्ये टिर्झेपेटाइड या साप्ताहिक इंजेक्शनच्या चाचण्यांत मध्यम ते तीव्र विकार असलेल्या लठ्ठ रुग्णांचे वजन वर्षभरात सुमारे १८ ते २० टक्क्यांनी उतरले. तासाला सुमारे पन्नास असलेले प्रसंग २५ ते २९ ने कमी झाले, आणि चाळीस ते पन्नास टक्के रुग्ण विकारातून बाहेर पडले किंवा पेंग नसलेल्या सौम्य अवस्थेत आले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ते या विकारासाठी मान्य झाले आणि मार्च २०२५ मध्ये ते भारताच्या बाजारात आले. ज्यांचा विकार राहिला त्यांची संख्या याही वेळी लहान नव्हती.

या सत्तर वर्षांच्या अनुभवातून उपचाराचा क्रम ठरला आहे. सौम्य विकार आणि जास्त वजन असेल तर वजन उतरवणे हा पुरेसा उपचार ठरू शकतो. मध्यम आणि तीव्र विकारात ते आवश्यक असले तरी महिनोन् महिने चालणारे काम आहे, आणि तोवर घसा उघडा ठेवण्यासाठी मशीन लागते. बारीक अंगाच्या रुग्णात दोष जबड्यात, टॉन्सिलमध्ये किंवा नाकात शोधावा लागतो. वजन उतरल्यावर घोरणे थांबले म्हणून मशीन बंद करणे धोक्याचे, कारण आवाज गेला तरी श्वास अडत राहू शकतो. मशीन बंद करायचे की नाही, हे ठरते पुन्हा केलेल्या स्लीप स्टडीवरून. आणि वजन परत चढले, तर विकारही परत येऊ शकतो.