झाडीपट्टीचा आवाज: भोंग्यापासून डीजेपर्यंत

दिवाळी सरते, धान कापणीला येतं आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत वर्दळ सुरू होते. कागदोपत्री या गावाचं नाव देसाईगंज, पण लोकांच्या तोंडी ते वडसाच. गडचिरोली जिल्ह्यातलं दीर्घकाळ एकमेव असलेलं रेल्वे स्थानक इथलं आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची पेठही इथलीच. गावोगावची मंडळं इथं येऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात, इसार देतात. नटनट्या आणि लेखक कंपनीचे असतात. मंडप, लाइट आणि माइक मात्र वेगळे लागतात, आणि ते पुरवणारा माणूस सहसा बिछायत केंद्राचा असतो. सतरंज्या, खुर्च्या, कनाती, भांडी आणि त्यांच्याच जोडीला ॲम्प्लिफायर नि भोंगे, असा त्याचा व्यवसाय. झाडीपट्टीच्या नटांवर आणि नाटककारांवर आता बरंच लिहिलं जातं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीचं नाव देशभर पोहोचलं. पण हजारो माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत त्या नटांचा शब्द पोहोचवणाऱ्या बिछायतवाल्याचा इतिहास कुणी फारसा मांडलेला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत आज वरातीपुढे जो डीजे वाजतो, तो याच माणसाचा वारस आहे.

या बिछायतवाल्याच्या आधीचा काळ गळ्याच्या आणि कातड्याच्या जोरावर चालला. भाऊबीजेपासून गावोगावी मंडईची जत्रा भरायची आणि मंडईत दंडार हे लोकनाट्य उभं राहायचं. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर या दंडारीचाही आयुष्यभर अभ्यास केला. खडी गंमत या लोकनाट्यात डफ, ढोलकी आणि तुणतुण्यावर रात्र जागायची. प्रेक्षक कलावंतांभोवती कडं करून उभे राहत किंवा बसत, त्यामुळे आवाजाला फार लांब जावं लागत नसे. एकट्या वाद्याची ताकद केवढी असते, हे चिमूरने पाहिलं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा मुलूख आधीच तापवला होता. 16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूरने इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. हाताच्या पंजात मावणाऱ्या वाद्याचा सरकारने धसका घ्यावा, याची दुसरी उदाहरणं फार सापडणार नाहीत.

दक्षिणेकडे, भामरागड-एटापल्लीच्या जंगलात, गोंड आणि माडिया गावांमध्ये आवाजाची रचना आणखी वेगळी. रेला नृत्यात बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळ धरतात, एक गट कडवं टाकतो, दुसरा ते उचलतो, आणि पायांचा ठेका ढोलाशी जुळतो. इथं ऐकणारा वेगळा आणि गाणारा वेगळा नसतो. नाचणाऱ्याच्याच तोंडात गाणं असतं. डीजेबद्दल पुढं जे काही बोलायचं, ते ही गोष्ट लक्षात ठेवूनच बोलायला हवं.

लाऊडस्पीकर पहिल्यांदा लोकांसमोर आला तो 1915 मध्ये, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी तो घडवला आणि त्याला मॅग्नाव्हॉक्स असं नाव दिलं. भारतात अहुजा कंपनी 1940 मध्ये सुरू झाली. पुढं तिचे भोंगे आणि मशिनी खेड्यापाड्यांतल्या बिछायत केंद्रांत इतक्या रुजल्या, की ॲम्प्लिफायर म्हणजे अहुजाच, असं समीकरण झालं. या मशिनींचं मोठं वैशिष्ट्य असं, की त्यांतल्या बऱ्याच 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. ज्या गावात विजेची तार पोहोचली नव्हती, तिथं ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या बॅटरीवर लग्न वाजवता येत होतं. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता आज 2,920 मेगावॉट आहे, राज्य सरकारच्या वीज कंपनीच्या केंद्रांमध्ये सर्वांत मोठी. त्याच मुलखातल्या जंगलगावांनी मात्र आपली पहिली गाणी बॅटरीवर ऐकली.

बॅटरीवर एवढा आवाज जमला तो भोंग्याच्या आकारामुळे. साधा कागदी कोनाचा स्पीकर एक वॉट विजेत, एक मीटर अंतरावर, सुमारे 90 डेसिबल आवाज देतो. भोंगा तेवढ्याच विजेत 105 किंवा त्याहून जास्त देतो. हा फरक पंधराचा दिसला, तरी दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते हे लक्षात घेतलं, तर हिशेब तीस पटींवर जातो. म्हणजे तीस वॉटचा भोंगा साध्या स्पीकरच्या नऊशे वॉटचं काम करतो. त्याची किंमत मोजावी लागते ती खालच्या सुरांत. 50 हर्ट्झच्या सुराची लाट जवळपास सात मीटर लांब असते. दोन-अडीच फुटांच्या तोंडातून ती नीट बाहेर पडत नाही. पण माणसाच्या बोलण्याचा अर्थ त्याच्या वरच्या पट्टीत असतो. म्हणून झाडावर बांधलेल्या भोंग्यातून ढोलकीचा घुमारा हरवतो आणि शब्द मात्र नदीपलीकडच्या गावात कळतो. कुणाकडे लगीन आहे, नाटक कोणत्या गावी, बैलांच्या शर्यतीचा पट कधी, ही बातमी दोन्ही जिल्ह्यांत याच शब्दांनी फिरली.

नाटकाने या बिछायतवाल्याला कारागीर बनवलं. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणी प्रत्यक्ष गायली जातात. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीला पुढं ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले. कापडी मंडपात हजारोंचा समुदाय असतो, मागं चहा-भज्यांच्या दुकानांचा गलका. रंगमंचावर माइक मोजके, आणि नट सतत जागा बदलणारे. अशा वेळी कुठला माइक कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे मिक्सरवर बसलेल्याला संहितेइतकंच पाठ लागतं. माइक आणि स्पीकर समोरासमोर आले, की शिट्टी वाजते. एकदा वाजली, की रंगलेला प्रवेश मोडतो. स्पीकर नेहमी माइकच्या पुढं आणि प्रेक्षकांकडे तोंड करून लावायचे, नको असलेले माइक मिटवायचे, आवाज वाढवण्याआधी माइक तोंडाजवळ न्यायचा, हे नियम आज डीजेच्या शिकवणीत सांगितले जातात. झाडीपट्टीत ते रात्र जागून शिकले गेले.

गाण्यांचा साठा हा या धंद्याचा दुसरा पाय. सुरुवातीला लाखेच्या तबकड्या होत्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. वाजवणारा उठून जाऊच शकत नसे. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढं जाणाऱ्या चंद्रपुरात तबकडी उन्हात राहिली, की वाकायची. मग एलपी आल्या आणि त्यांच्यानंतर कॅसेट. 1983 मध्ये गुलशन कुमार यांची टी-सिरीज सुरू झाली आणि स्वस्त कॅसेटींनी बिछायत केंद्राची पेटी भरून टाकली. कॅसेटमध्ये हवं ते गाणं शोधायला फीत पुढं-मागं पळवावी लागे, म्हणून जाणते लोक हळदीची एक, वरातीची एक, पाठवणीची एक अशा कॅसेटी वेगळ्या भरून घेत. आजच्या डीजेच्या लॅपटॉपमधले फोल्डर याच सवयीचं पुढचं रूप आहेत. ज्याने ते नीट लावले नाहीत, त्याच्याकडे पाच हजार गाणी असली, तरी ऐन मंगलाष्टकांनंतर हात चाचपडतो.

चंद्रपूरच्या या साठ्यात भीमगीतांना मानाचा कप्पा आहे. नागपूरच्या दीक्षा सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आणि 14 एप्रिलला वस्तीवस्तीत भीमगीतं वाजत आली आहेत. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहिरांची गाणी रेडिओपेक्षा लाऊडस्पीकरवरून जास्त पसरली. मागणीचा हा एवढा मोठा आणि पक्का प्रवाह नसता, तर इथल्या कित्येक साऊंडवाल्यांचा धंदा लग्नसराईपुरताच उरला असता.

वरातीचा आवाज बदलला तो धुमालने. नागपूरच्या संदलच्या मिरवणुकांत आणि शेजारच्या छत्तीसगडात वाढलेला हा प्रकार: चालत्या गाडीवर कीबोर्ड आणि पॅड, सोबत ढोल-ताशे, आणि सगळ्यांना एकत्र मोठं करणारे स्पीकर. वाद्यवृंद जिवंत होता, पण आवाज विजेचा झाला. त्यातून वादक वजा झाले आणि बेसच्या पेट्या वाढत गेल्या, तेव्हा डीजेची गाडी तयार झाली. जमैकातल्या किंग्स्टन शहरात 1950 च्या दशकात हेच घडलं होतं. ट्रकवर जनरेटर, तबकड्या आणि कपाटाएवढे स्पीकर चढवून तिथले लोक गल्लीत नाच घालायचे. तिथून न्यूयॉर्कला गेलेल्या कूल हर्कने 11 ऑगस्ट 1973 च्या एका घरगुती पार्टीत हिप-हॉपचा पाया घातला. डीजे ही शहरी क्लबची देणगी आहे, असं मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा. गरीब वस्तीने रस्त्यावर उभा केलेला हा धंदा आहे, आणि झाडीपट्टीला तो म्हणूनच इतक्या सहज मानवला.

त्याची हत्यारंही झपाट्याने बदलली. टेक्निक्सचा एसएल-1200 हा टर्नटेबल 1972 चा, पायोनियरचा सीडीजे-1000 हा 2001 चा. खेड्यातल्या डीजेने यांतलं काही न हाताळता थेट लॅपटॉप, छोटा कंट्रोलर आणि पेन ड्राइव्ह घेतला. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून देण्याचा काळ मध्येच येऊन गेला. त्या काळाने एक खोड मागं ठेवली आहे: पुन्हा पुन्हा दाबून बारीक केलेल्या फाइली. मोबाइलच्या इअरफोनवर खपणारी फाइल मोठ्या पेट्यांवर फाटते, आणि दोष स्पीकरला दिला जातो.

या दोन जिल्ह्यांत वाजवायचं, तर भाषांची मोजदाद आधी करावी लागते. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत मराठी आणि हिंदी सगळीकडे चालतं. सिरोंच्याला प्राणहिता-गोदावरी ओलांडली, की तेलंगणा, म्हणून तिथं तेलुगू हवंच. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी गाणी मागतात. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत, तिथं बंगाली. आणि जंगलभर गोंडी नि माडिया. मुंबई-पुण्याचा नावाजलेला डीजे इथं पहिल्याच लग्नात अडखळेल आणि आरमोरीचा पोरगा अडखळणार नाही. हे ज्ञान कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

गोंडी गाण्यांचे डीजे मिक्स आता स्थानिक पोरं घरीच करतात आणि बस्तरपासून आदिलाबादपर्यंत ते ऐकले जातात. भाषेला यातून तरुण श्रोते मिळाले, ही मोठी कमाई आहे. पण रेल्याचं कडवं जेव्हा पेटीतून येतं, तेव्हा नाचणारे ते उचलत नाहीत, उत्तर देणारा गट गप्प होतो. यावर तोडगा डीजेच्याच हातात आहे. दोन कडव्यांनंतर गाणं खाली आणून नुसता ठेका ठेवला, एक माइक ओळीजवळ दिला, तर गावाचा गळा परत कामाला लागतो.

आवाजाचा वाद मात्र थेट कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 चे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर भोवतालच्या आवाजाच्या मानकापेक्षा दहा किंवा एकूण 75 डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढंच. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात रात्रीची ही बंदी पक्की केली. सप्टेंबर 2018 मध्ये गणेश विसर्जनात डीजे वाजवू द्या, ही व्यावसायिकांची विनंती मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. रात्रभर चालणारी रंगभूमी जपणाऱ्या मुलखाला दहाचा नियम जड जातो, हे खरं. पण वरातीच्या गाडीसाठी नाटकाची ढाल पुढं करणं बरोबर नाही. नाटकाला शब्द ऐकू जायला हवा असतो, छातीत धक्का नको असतो.

या मोजमापात एक फटही आहे. नियमातला डेसिबल कानाच्या संवेदनेप्रमाणे तोललेला असतो आणि त्या तोलात 50 हर्ट्झचा सूर सुमारे तीस डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून बेसच्या गाडीसमोर मीटर आटोक्यात दिसतो आणि कौलं मात्र थरथरतात. खालचे सूर भिंतींनी अडत नाहीत. शेजारच्या आजाऱ्याला गाणं कळत नाही, ठोके मात्र लागतात. आणि सर्वांत जवळ असतो तो स्वतः डीजे. 85 डेसिबलमध्ये आठ तास काम सुरक्षित धरलं, तर दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. लग्नसराईत रोज चार तास गाडीवर उभं राहणाऱ्या विशीतल्या मुलाने कानात बोळे घालणं म्हणूनच गरजेचं आहे.

जाणते साऊंडवाले दोन मोठ्या भिंती उभ्या करण्याऐवजी छोटे स्पीकर मंडपभर वाटून लावतात. अंतर दुप्पट झालं, की आवाज सहा डेसिबलने पडतो, तेव्हा मागच्यांसाठी पुढच्यांचे कान फोडण्यापेक्षा मागं वेगळा स्पीकर देणं स्वस्त पडतं. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे 34 मीटर मागं लावलेल्या स्पीकरला मिक्सरमधून सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशीर द्यावा लागतो, नाही तर शब्द दोनदा ऐकू येतो. बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये आता ही सोय असते. पुढच्या आणि मागच्या स्पीकरमधलं अंतर टेपने मोजायचं, त्याला 340 ने भागायचं आणि तो आकडा भरायचा. नाटकाचा पडदा उघडण्याआधी हे काम दहा मिनिटांत होतं.