यंत्राचा वेळ आणि माणसाचा वेळ

कोणताही मसुदा खाडाखोडीवाचून पुरा होत नाही. गणकयंत्रासाठी आज्ञावली लिहिणाराही याला अपवाद नाही. लिहिलेला मजकूर दुरुस्त करण्याच्या साधनाला या क्षेत्रात 'संपादक' म्हणतात. जुन्या गणकयंत्रांपुढे बसणाऱ्यांना संपादकाची निवड करताना आवडीनिवडीला फारसा वाव नव्हता. यंत्राचा वेळ महाग मानावा की माणसाचा, हा खरा प्रश्न असे.

प्रारंभी आज्ञावली कागदी फितीवर छिद्रे पाडून जतन करीत. एखादे अक्षर चुकले, तरी फीत पुन्हा पाडणे आले. हा त्रास वाचविण्यासाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत डॅन मर्फी यांनी १९६२-६३ च्या सुमारास पीडीपी-१ या यंत्रासाठी 'टेको' हा संपादक रचला. जुनी फीत वाचावी, सांगितलेल्या दुरुस्त्या कराव्यात आणि नवी फीत पाडून द्यावी, हे त्याचे काम.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी 'एड' हा संपादक लिहिला. तेव्हा वापरणाऱ्यापुढे पडदा नसे. दूरमुद्रक असे आणि तो सेकंदाला अवघी दहा अक्षरे कागदावर उमटवी. त्यामुळे एडने मितभाषी असणे क्रमप्राप्तच होते. विचारल्यावाचून तो ओळ दाखवीत नसे. आज्ञा चुकली, तर केवळ एक प्रश्नचिन्ह छापी. यंत्राचे श्रम अशा रीतीने वाचले खरे; परंतु सारा मसुदा मनात वागविण्याचा भार मात्र माणसावर पडला.

हा भार लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलूरिस यांना अन्यायाचा वाटला. १९७६ साली त्यांनी एडमध्ये सुधारणा करून 'एम' हा संपादक सिद्ध केला. या नावाचा अर्थ 'मर्त्य मानवांसाठी संपादक' असा होता. एडच्या गूढ आज्ञा अमर देवांनाच पेलाव्यात, हा त्यातील टोला. त्याच वर्षी ते अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात गेले असता तेथील बिल जॉय या विद्यार्थ्याने एम पाहिला आणि त्यातून पुढे 'व्हीआय' हा पडद्यावरचा संपादक विकसित झाला.

पडदा आला, तरी काटकसर संपली नाही. जॉय यांच्या घरची दूरध्वनीची जोडणी सेकंदाला सुमारे तीस अक्षरे वाहून नेई. चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे, असा पडदा पूर्ण भरावयाचा, तर मिनिटाहून अधिक वेळ जाई. म्हणूनच व्हीआयच्या बहुतेक आज्ञा एकाक्षरी राहिल्या. जॉय यांच्या एडीएम-३ए या यंत्राच्या कळफलकावर दिशादर्शक बाण एच, जे, के आणि एल या अक्षरांच्या कळांवरच छापलेले होते. व्हीआयने त्याच कळा स्वीकारल्या. ते यंत्र कालबाह्य झाले, परंतु असंख्य बोटांना ती सवय आजही आहे.

आज जुने गणकयंत्र हौसेने पुन्हा चालू करणाऱ्यापुढेही तोच प्रश्न उभा राहतो. चौसष्ट किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात संपादक जितका ऐसपैस, तितकी स्वतःच्या मजकुरासाठी जागा कमी. तेथे एडसारखा अबोल सोबतीच बहुधा सोयीचा ठरतो. मात्र तो निवडताना यंत्राने वाचविलेले श्रम आपल्याच स्मरणशक्तीच्या खात्यावर खर्ची पडणार आहेत, याची जाणीव ठेवलेली बरी.