बालपणीचा गुन्हा आणि कायद्याची आठवण

पुण्याहून मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी अशी गावे घेत दक्षिणेकडे गेलेला लोहमार्ग अखेर बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकात येतो. आपल्या दंडनीतीच्या इतिहासातील तीन ठिकाणे या एकाच वाटेवर आहेत : पुण्याजवळ येरवड्याची सुधारशाळा, धारवाडचे बोर्स्टल आणि हुबळीची ‘गुन्हेगार जमातीं’ची वसाहत. या तिन्हींच्या मागे एकच प्रश्न उभा होता. अल्पवयीन मुलाच्या हातून घडलेला गुन्हा कायद्याने किती काळ लक्षात ठेवावा?

१८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाला गुन्हेगार मानले नाही. सात ते बारा या वयात त्याची समज पाहावी, असे सांगितले. पण त्याच संहितेत ७५ वे कलम होते. नाणी, मुद्रांक किंवा मालमत्ता यांसंबंधीच्या, तीन वर्षे वा अधिक कैदेस पात्र असलेल्या गुन्ह्याबद्दल एकदा दोषी ठरलेल्या माणसाने पुन्हा तसा गुन्हा केला, तर त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येई. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षेच होती. म्हणजे चोरीही या कलमात बसे. पहिल्या वेळी आरोपीचे वय काय होते, हे मात्र कलमाने विचारलेच नव्हते. तेराव्या वर्षी उचललेला तांब्या तिसाव्या वर्षी माणसाच्या पुढ्यात आणून ठेवता येत होता.

१८७६ चा आणि नंतर १८९७ चा सुधारशाळांचा कायदा आला. पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे शाळेत ठेवून हातांना काम शिकवावे, ही त्यामागची कल्पना होती. कल्पना भली होती; परंतु मुलगा शाळेत जाई तो आधी दोषी ठरून. मुलींचा तर त्या कायद्यात विचारच नव्हता.

धारवाडच्या बोर्स्टलचे मूळ इंग्लंडात आहे. तेथे १९०८ साली झालेल्या एका कायद्याचे दोन भाग विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिल्या भागात तरुण गुन्हेगारांसाठी बोर्स्टल शाळांची सोय होती. दुसऱ्या भागात सराईत गुन्हेगाराला नेहमीच्या शिक्षेखेरीज पाच ते दहा वर्षे अधिक अडकवून ठेवण्याची तरतूद होती. मात्र त्याला सराईत ठरविताना सोळाव्या वर्षानंतरचेच गुन्हे मोजावेत, असे बंधन घातलेले होते. मोजणी कोठून सुरू करायची, हे तेथे निदान सांगितले तरी गेले. मुंबई इलाख्याने १९२९ साली बोर्स्टल शाळांचा कायदा केला. ७५ वे कलम मात्र होते तसेच राहिले.

हुबळीची कथा अधिक कठोर आहे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जातीच्या जाती नोंदवहीत घातल्या. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. नोंदलेल्या जमातीतील माणूस ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा काळे पाणी, असा सामान्य नियम होता. इतरांच्या बाबतीत कायदा निदान पहिल्या गुन्ह्यापासून मोजू लागे; येथे तो जन्मापासूनच मोजत होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला.

श्रोतेहो, पुन्हा गुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा द्यावी, या मताला आधार नाही असे नाही. ज्याला न्यायासनाने एकदा ताकीद दिली आणि ज्याने ती जाणूनबुजून झुगारली, त्याचा दोष अधिक, हे कोणालाही पटेल. ज्याच्या घरी पुन्हा पुन्हा चोरी होते त्याचेही दुःख खरे असते. पण हा सारा युक्तिवाद ताकीद समजण्यावर उभा आहे. ज्या वयात ती नीट समजतच नाही, त्या वयातील दोष पुढे हिशेबात धरला तर युक्तिवादाचा पायाच निसटतो.

हा विचार आपल्या कायद्यात हळूहळू उतरला. मुंबईचा मुलांविषयीचा कायदा १९२४ चा. केंद्रशासित प्रदेशांसाठी झालेल्या १९६० च्या बालक अधिनियमाने सांगितले की, दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता मुलाला लागू होऊ नये. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने तेच तत्त्व देशभर नेले. २००० च्या कायद्याने अपिलाची मुदत संपताच नोंद काढून टाकण्यास सांगितले. २०१५ च्या कायद्याने ती नष्ट करण्यास सांगितले. मात्र सोळा वर्षांवरील ज्या मुलावर निर्घृण गुन्ह्याबद्दल बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरतो, त्याची नोंद याच कायद्याने राखून ठेवली आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ७५ वे कलम तिच्यात १३ वे झाले. चोरीबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास आता किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. पूर्वीच्या दोषाचे वजन वाढले, म्हणून बालपणाची नोंद खरोखर पुसली गेली की नाही, या प्रश्नाचेही वजन वाढले आहे. न्यायालयाने नष्ट केलेला कागद पोलीस ठाण्याच्या कपाटात किंवा गावाच्या बोलण्यात जिवंत राहिला, तर कायद्याने दिलेले वचन निम्मेच पाळले जाते. मुलाला शिक्षा करताना कायद्याने हात आवरला. आता त्याने आपली आठवणही आवरली पाहिजे.